एक ओळ, दोन बासऱ्या

खर्जाच्या आधाराविना सुरावट पोरकी होते, अशी पाश्चात्त्य संगीताच्या बरोक काळात, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांत, दृढ समजूत होती. वरचे सूर कोणाचेही असोत, खाली चेलो किंवा हार्पसिकॉर्ड हवेच. तरीही टेलेमान या जर्मन रचनाकाराने १७३८ साली पॅरिसमध्ये सहा सोनाटा प्रसिद्ध केल्या. त्यांना लागतात केवळ दोन बासऱ्या आणि दोघांना मिळून एकच ओळ. पहिला वादक आरंभ करतो, दुसरा किंचित मागाहून तीच ओळ उचलतो आणि त्या अंतरातूनच स्वरमेळ उभा राहतो. पुढे १९२३ साली हिंडेमिथने हाच बंध आधुनिक स्वरांत नव्याने बांधला.

आम्हां यवतमाळच्या माणसांना ही रीत जवळची वाटते. कापसाच्या या मुलखात चेलो कुठून आणावा? बासरी मात्र परकी नाही. बरोक काळातील बासरीही लाकडाचीच. तिला सहा छिद्रे आणि एकच चावी असे. चाव्यांचे आजचे जाळे बोएमने एकोणिसाव्या शतकात बसविले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ साली उपासनेत ऑर्गनला मानाचे स्थान देऊन इतर योग्य वाद्यांना दार मोकळे ठेवले.

आमच्या दोन्ही मुलांनी टेलेमानचा एक संथ भाग बांबूच्या बासरीवर बसविला. थोरला पुढे, धाकटी मागे. ती कुरकुरे, ‘‘माझ्या वाट्याला नेहमी दादाचे उष्टे सूर!’’ यंदा जूनमध्ये थोरला नोकरीसाठी पुण्याला गेला. आठवडाभर तिची बासरी खुंटीवरच होती. आमच्या घरालाही ते मौन जाणवत होते. मग एके संध्याकाळी तिने ती ओळ एकटीने वाजविली, आणि दादाची म्हणून जिला ती नावे ठेवी, ती सारी तिच्याच श्वासात मुरलेली निघाली. आता धर्मग्रामातील एक लहानगा तिच्यामागून वाजवितो. तो चुकला की ती थांबते. त्याच्यासाठी लय थोडी धिमी करते. थोरल्याने तिच्यासाठी नेमके हेच केले होते.

मागून येणे म्हणजे उणे असणे नव्हे, हे आम्ही तिला कितीदा सांगितले होते. आमच्या शब्दांनी जे साधले नाही, ते त्या लहानग्याच्या अडखळण्याने साधले.

नाताळात दादा घरी आला की त्याने दुसऱ्या जागी उभे राहायचे, असे तिने आताच ठरवून टाकले आहे. त्याचे पत्र आले आहे : कबूल.