ईदचा लांब झब्बा

आमच्या घरात खुब्याचं हाड दोनदा मोडलं. आधी अम्मीचं, चार वर्षांनी अब्बांचं. अम्मी आज वॉकर घेऊन घरभर फिरते. अब्बा आठ महिन्यांत गेले.

अम्मी तेव्हा 67 वर्षांची होती. फजरच्या वुजूसाठी उठली आणि मोरीच्या ओल्या फरशीवर घसरली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की बाईचं हाड मुळातच पुरुषापेक्षा बारीक असतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाड झपाट्याने झिजतं. त्यात आमच्या अम्मीचं आयुष्य म्हणजे सगळ्यांना वाढून उरेल ते खायचं, दूध मुलांना द्यायचं आणि ऊन गच्चीवर पापड वाळत घालण्यापुरतं घ्यायचं. तिच्या हाडांची घनता तपासली, गोळ्या सुरू झाल्या. मोरीत आम्ही धरायला दांडा बसवला.

त्या सगळ्या दिवसांत अब्बा माझ्या शेजारी दवाखान्याच्या बाकावर बसून असायचे. त्यांचीही तपासणी करावी, असं ना डॉक्टरांना सुचलं, ना मला. हाडं झिजणं हे बायकांचं दुखणं, एवढंच डोक्यात होतं.

खरं तर त्यांच्याबाबतीत सगळ्या खुणा समोर होत्या. सोलापुरात पस्तीस वर्षं त्यांनी लूमवर काढली. खिशात बिडीचं बंडल कायम. दम्याने जोर केला की मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून स्वतःच घ्यायचे. वर्षानुवर्षं घेतलेल्या या गोळ्या हाड पोखरतात, तंबाखूही पोखरतो. शेवटच्या काही वर्षांत ते वाळत चालले होते. एका ईदला झब्बा अंगात घातला तर पायघोळ झाला. शिंप्याने माप चुकवलं म्हणून आम्ही सगळे हसलो. माप जुनंच होतं, अब्बांची उंची कमी झाली होती. मणके दबले की माणूस असा बुटका होतो, हे मला फार उशिरा कळलं.

एका रात्री ते खाटेवरून उठताना पडले. ऑपरेशन नीट झालं, पण छातीने साथ दिली नाही.

नंतर मी या विषयावर वाचत राहिलो. खुबा बायकांचाच जास्त मोडतो, हे खरं. पण मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. पुरुषाला पाळी जाण्यासारखा ठळक टप्पा नसतो. हाड हळूहळू झिजतं, खुबा बहुधा बाईपेक्षा उशिरा मोडतो आणि तोवर शरीरात इतर आजारांनी घर केलेलं असतं. दारू, फार दिवसांचं स्टेरॉइड, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, प्रोस्टेटच्या कर्करोगावरची हार्मोन बंद करणारी औषधं, ही पुरुषांच्या बाबतीत विशेष शोधायची कारणं. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 9,516 स्त्रियांचा अभ्यास 1995 मध्ये छापून आला. पुरुषांवरचा तसा मोठा अभ्यास तिथे सुरू व्हायला 2000 साल उजाडलं. म्हणजे विसर फक्त आमच्या घराला पडला नव्हता. पण या माहितीने माझा सल काही जात नाही.

त्या स्त्रियांच्या अभ्यासात एक साधी गोष्ट होती. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठता न येणं ही धोक्याची खूण आहे. आता जुम्याला मशिदीत माझं लक्ष तिकडेच जातं. सजद्यातून उठताना कोण जमिनीवर हात टेकवतं, कोण या वर्षी खुर्चीवर आलं.

भाईजान 61 वर्षांचे आहेत, सिगारेट सुटत नाही. आई-वडिलांपैकी एकाचा खुबा मोडला असला तरी मुलांचा धोका वाढतो, मग मुलगी असो की मुलगा. आमच्या तर दोघांचाही मोडला. तपासणीला चला म्हटलं तर ते म्हणाले, "अरे, ते बायकांचं असतं."

स्वयंपाकघरातून अम्मीचा आवाज आला, "तुझ्या अब्बांनाही असंच वाटायचं."

भाईजान काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मात्र चप्पल घालून दारात उभे होते.