वळण लागताना

टायर नवे घालून सहा महिने झाले होते. गॅरेजवाल्याने मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि हसून म्हणाला, "मॅडम, गाडी सरळच चालवता वाटतं." मी वाकून पाहिलं. टायरचा मधला भाग पुण्याच्या रस्त्यांनी घासून सपाट केला होता. दोन्ही कडांना मात्र दोन-दोन बोटं रुंद पट्टी कोरी करकरीत, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. गाडी जेवढी कलते तेवढाच टायर कडेपर्यंत झिजतो. माझी गाडी जवळपास कललीच नव्हती.

मोटरसायकल मी छत्तिसाव्या वर्षी शिकले. त्याआधी पंधरा वर्षं स्कूटर चालवलेली, म्हणून दुचाकी आपल्याला येते हा समज पक्का. आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढला आणि गिअरच्या गाडीचं लायसन्स पहिल्या खेपेलाच मिळालं. आठ काढताना गाडी माणसाच्या चालीने चालते आणि हँडल फिरवावं तिकडे वळते. घाटातली गाडी तशी वळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

ते मला पसरणी घाटाने सांगितलं. वाईहून पाचगणीला चढताना काहीच वाटलं नाही, कारण चढ आपल्या वतीने थोडा ब्रेक लावत असतो. परतीच्या उतारावर एक डावं वळण आलं. वाटलं त्यापेक्षा ते आत आत वळत गेलं. मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की ती उभी राहू पाहते आणि सरळ निघते. माझी निघाली, थेट समोरच्याच्या अर्ध्या रस्त्यात. समोरून एसटी येत होती. मी तिच्या बंपरकडे बघत राहिले आणि गाडी बंपरकडेच जात राहिली. ड्रायव्हरने बस जागच्या जागी थांबवली. मी थांबले तेव्हा मध्ये हातभर जागा उरली होती. खिडकीतून डोकं बाहेर आलं. मला शिवी अपेक्षित होती. ते म्हणाले, "ताई, बसकडं काय बघताय? रस्त्याकडं बघा की!"

त्या दिवशी वाईत नदीच्या घाटावर बसून मी बराच वेळ हा हिशोब मांडला. वळणाची भीती मला होतीच. पण भीती नेमकी कशाची? गाडी घसरेल याची. टायर धरणार नाहीत याची. म्हणजे सगळी शंका मी गाडीवर घेत होते. आणि रस्त्याबद्दल मात्र आंधळा विश्वास: वळण दिसतं तेवढंच असेल, पलीकडे खडी नसेल, समोरून कुणी येणार नाही. नेमकं उलटं. आता गेली सहा वर्षं रविवारी सकाळी नव्या मुलामुलींना वळणं शिकवते, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात हीच अदलाबदल झालेली आढळते. विश्वास गाडीवर हवा, शंका रस्त्यावर.

आधी गाडीचं बोलू. धावती मोटरसायकल डावीकडे वळवायची तर डाव्या मुठीला पुढे रेटायचं. ऐकायला चूक वाटतं. चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि कलली की वळते. म्हणून सगळ्यात पहिला धडा वळणावर नाही, सरळ मोकळ्या रस्त्यावर. ताशी चाळीसचा वेग धरायचा आणि डाव्या तळहाताने मूठ हलकेच पुढे ढकलायची, दार लोटायला लावतो तेवढ्याच जोराने. गाडी डावीकडे जाते. उजवी ढकलली की उजवीकडे. पहिल्यांदा हे करणाऱ्याचा चेहरा हेल्मेटच्या आतूनसुद्धा दिसतो.

अनेक जण म्हणतात, "आम्ही नुसतं अंग झुकवतो आणि गाडी वळते." अमेरिकेतले प्रशिक्षक कीथ कोड यांनी यावर एक खास गाडी बनवली. तिला नेहमीच्या हँडलखेरीज सांगाड्याला घट्ट बसवलेलं दुसरं हँडल होतं, त्याला स्वतंत्र ॲक्सिलरेटर. ते धरून अंग कितीही झुकवा, गाडी जराशी डोलते, धड वळत नाही. अंग झुकवताना आपले हात नकळत मूठ रेटत असतात. नकळत होतं ते संकटात आठवत नाही, म्हणून ते कळून करायला शिकायचं.

मात्र हात सैल हवेत. मला हे कळलं ते आमच्या ओट्यापाशी. लहानपणी पोळ्या लाटताना मी लाटणं आवळून धरायची आणि पोळीचा नकाशा व्हायचा. आई म्हणायची, "हात हलका ठेव, पोळी आपली आपण फिरते." गाडीचंही तेच. गुडघ्यांनी टाकी धरायची, पोटाने अंग सावरायचं आणि कोपर मोकळे सोडायचे. भ्यालेला माणूस दोन्ही मुठी आवळतो, दोन्ही हात ताठ करतो. मग एक हात ढकलतो, दुसरा त्याला अडवतो. गाडी वळायला तयार असते, आपणच तिला धरून ठेवलेलं असतं.

आता आकडे. २५ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० ने गेलं तर गाडीला साधारण २७ अंश कलावं लागतं. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर एवढं सहज पेलतो, पण नव्या माणसाला ते आडवं पडल्यासारखं वाटतं. त्याच वळणात वेग ५० केला तर कल ३८ अंशांवर जातो. वेग सव्वापट, पण टायरवरचा आडवा भार दीडपटीहून जास्त, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून वळणाचं गणित वळणाच्या अलीकडेच सोडवायचं. ब्रेक सरळ रेषेत, गिअर तिथेच खाली, नजर पलीकडे आणि मग मूठ रेटायची. वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटर किंचित, एकसारखा उघडत न्यायचा. तो झटक्यात सोडला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येऊन पडतं. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे तर इंजिनची पकडच सोडून देतात.

इथे एबीएसचा विषय निघतोच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं झालं, आणि उत्तम झालं. पण साधं एबीएस ब्रेक दाबल्यावर चाकाला जाम होऊ देत नाही एवढंच. गाडी किती कलली आहे हे त्याला कळत नाही. तो हिशोब आपलाच.

नजरेबद्दल त्या एसटी ड्रायव्हरच्या वाक्यापेक्षा चांगलं मला अजून सांगता येत नाही. नजर जिथे जाते, तिथे गाडी जाते. खड्ड्याकडे बघितलं तर खड्ड्यात, कठड्याकडे बघितलं तर कठड्यावर. म्हणून मैदानात अर्ध्या विटा मांडून मी मुलांना आठ काढायला लावते, पण आरटीओसारखा नाही. अट एकच: पुढच्या चाकाकडे बघायचं नाही, हनुवटी पुढच्या विटेच्या पलीकडे वळवायची. पहिल्या दहा मिनिटांत मान दुखते. मग आठ गोल व्हायला लागतो.

आता शंका, म्हणजे रस्ता. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळालेल्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवायची. ब्रिटिश पोलिसांच्या वाहनचालक प्रशिक्षणात याला फार महत्त्व आहे. तो बिंदू आपल्यापासून लांब पळू लागला तर वळण उघडतंय. जवळ येऊ लागला तर वळण आवळतंय, वेग अजून कमी हवा. पसरणीच्या उतारावर तो माझ्या अंगावर येत होता, फक्त मला तो वाचता येत नव्हता. आणि दिसतो तेवढ्या रस्त्यात थांबता आलं पाहिजे, हा वेगाचा खरा फलक.

आमच्या घाटांची शंका आणखी बारीक. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे साबणासारखे. डोंगराच्या बाजूला मुरूम वाहून आलेला. पावसाळ्यात सावलीतल्या वळणांवर शेवाळ. बसच्या टाकीतून चढावर सांडलेलं डिझेल, जे दिसण्याआधी नाकाला कळतं. रेसिंगच्या पुस्तकात वळणासाठी रस्त्याची सगळी रुंदी वापरायला सांगतात. घाटात आपला रस्ता अर्धाच. उजव्या वळणात चाकं आपल्या बाजूला असूनही कललेलं डोकं मधल्या रेषेपलीकडे जाऊ शकतं, तेवढंही अंतर राखायचं. आणि केसाच्या पिनेसारख्या वळणात बसला सगळाच रस्ता लागतो. हॉर्न ऐकला की अलीकडे थांबायचं. ते वळण तिचं.

शिकवताना मी घाट आखून देत नाही, एक वळण देते. चढाचं, दिसणारं, सकाळी सातच्या आत. ते दहा वेळा घ्यायचं, प्रत्येक वेळी त्याच वेगाने. वेग वाढवायचा नाही, गडबड कमी करायची. हेल्मेटमध्ये मोठ्याने बोलायचं: "डावं वळण, खडी नाही, दुसरा गिअर, नजर वर." सहाव्या-सातव्या खेपेला आवाज शांत होतो, आणि खांदे उतरतात ते मागून दिसतं. मराठीत मुलांना वळण लावतात, अक्षरालाही वळण असतं. दोन्ही गिरवून येतात.

कुणीतरी चहाच्या टपरीवर माझ्या टायरकडे बोट दाखवतोच. मुलं आपापल्या टायरच्या कोऱ्या पट्ट्या मोजत असतात. ज्याची शून्य तो शूर. माझ्या मागच्या टायरला दोन्ही कडांना अजून एकेक बोट पट्टी कोरी आहे. ती पुसायचा माझा विचार नाही. कोपऱ्यामागे कधी खडी निघेल, कधी म्हैस, कधी लाल बस. तेव्हा लागणारा कल त्या एका बोटात ठेवलेला आहे.