आईच्या गोळ्या आणि ज्येष्ठमधाचा काढा

दिवाळीनंतर फरीदाबादची हवा इतकी बिघडते की घराघरांतून खोकल्याची उबळ ऐकू येते. आई साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आली त्याच हिवाळ्यात तिचा घसा धरला. बल्लभगडच्या बाजारातून मी ज्येष्ठमधाची पूड आणली आणि सकाळ-संध्याकाळ चमचा-चमचा उकळून तिला काढा देऊ लागले. घसा खरंच मोकळा झाला. तिथेच थांबायला हवं होतं. पण हवा सुधारत नव्हती, आईलाही तो गोडसर काढा आवडायचा, म्हणून मी देत राहिले.

आईला रक्तदाबाची गोळी होती, आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. थंडी वाढली तसा तिचा रक्तदाब चढू लागला, पावलं सुजली, रात्री पिंढऱ्यांत गोळे यायचे. मी ते वयावर ढकललं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "माताजी को कोई देसी दवा तो नहीं देते?" मी "नाही" म्हणाले. खोटं बोलायचं मनात नव्हतं. काढा मला औषध वाटतच नव्हता. माझ्या उत्तरावर विसंबून त्यांनी गोळीचा डोस वाढवला.

पुढे आईला जिना चढवेना, छातीत धडधड सुरू झाली आणि तिला दाखल करावं लागलं. रक्तातलं पोटॅशियम 3 च्याही खाली गेलं होतं, ते 3.5 ते 5 च्या दरम्यान असावं लागतं. आणि मी तिथेही थर्मास घेऊन गेले होते. पेल्यात काय ओतते आहे, हे एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, म्हणून कारण सापडलं. नाहीतर मी सलाइन चालू असतानाही तिला काढा पाजत राहिले असते. हे आठवलं की अजून हात थरथरतात.

नंतर समजून घेतलं ते असं. ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला अडवतं. हे विकर कॉर्टिसॉल निष्क्रिय करत असतं. ते अडलं की कॉर्टिसॉल मूत्रपिंडावर अल्डोस्टेरॉनसारखं काम करू लागतं: मीठ-पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. आईची गोळीही पोटॅशियम बाहेर टाकणारीच होती, आणि माझ्यामुळे तिचाच डोस वाढला होता. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने ग्लिसरायझिनची रोजची मर्यादा 100 मिलिग्रॅम सांगितली आहे. 3 ग्रॅम पुडीत ते 4 टक्के धरलं तरी 120 मिलिग्रॅम होतं. मी दिवसातून दोनदा देत होते. नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी 1946 सालीच लिहून ठेवलं होतं की ज्येष्ठमधाने जठरातले व्रण बरे होतात, पण काही रुग्णांना सूज येते.

या मुळीवर मात्र माझा राग नाही. चरकाने कंठाला हितकर द्रव्यांत तिला जागा दिली आहे. शस्त्रक्रियेआधी तिच्या गुळण्या केल्या तर नंतरची घसादुखी कमी होते, हे चाचण्यांतही दिसलं आहे. खोकल्यापुरते चार दिवस, निरोगी माणसाला, चालतं. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि गरोदर बाईला मी आता विचारल्याशिवाय देणार नाही. काढा बंद केल्यावरही आईचं पोटॅशियम आणि रक्तदाब ताळ्यावर यायला काही आठवडे गेले. आता तिच्या गोळ्यांच्या यादीत आवळा, हळद, ओवा, सगळं मी लिहिते आणि डॉक्टरांपुढे ठेवते.

एक काम राहिलंय. आयुष औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारं राष्ट्रीय केंद्र सरिता विहारच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे, आमच्याच मेट्रोच्या मार्गावर. रुग्णाच्या घरच्यांनाही तिथे कळवता येतं. लोक काय म्हणतील, या भीतीने मी टाळत आले. आईचे अहवाल, पुडीचं रिकामं पाकीट, सगळं मी जपून ठेवलंय. या आठवड्यात अर्ज भरून पाठवते आहे.