आमरी डोंगरात, पुरावा कपाटात

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: सह्याद्रीत ऑर्किडची, म्हणजे आमरीची, नवी जात सापडली. सोबत फुलाचा देखणा फोटो, संशोधकांची नावं आणि ‘जगात प्रथमच’ असा ठसा. वनस्पतिशास्त्राच्या वाट्याला एरवी चार ओळीही येत नाहीत, तेव्हा या बातमीबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. मात्र ती वाचून समजूत अशी होते, की कोणीतरी कडेकपारी तुडवल्या, कधी न पाहिलेलं फूल दिसलं आणि काम फत्ते झालं. माझं म्हणणं याच्या जवळजवळ उलट आहे. डोंगरात सापडतं ते एक झाड. ते नव्या जातीचं आहे हा दावा असतो आणि त्या दाव्याचा निकाल वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटांपाशी लागतो. रानात हिंडणारे आज भरपूर आहेत. ती कपाटं सांभाळणारे आणि वाचता येणारे कमी पडताहेत. नव्या जाती शोधायच्या असतील तर पैसा आणि माणसं आधी तिथे लागतील.

आमरीच्या बाबतीत हे विशेष खरं आहे, कारण तिचं वेगळेपण फुलाच्या काही मिलिमीटरांत सामावलेलं असतं. हबेनारिया घ्या. सड्यांवर आणि गवताळ उतारांवर पावसात उगवणारी, जमिनीखालच्या गाठीतून दरवर्षी नव्याने फुटणारी ही प्रजाती. तिच्यात अनेक जाती मोडतात. नुसती पानं पाहून त्यांतल्या दोन वेगळ्या सांगणं पुष्कळदा अशक्यच. फुलात तीन बाह्यदलं आणि तीन पाकळ्या. त्यांतल्या एका पाकळीचा झालेला ओठ. ओठाच्या बुडाशी पोकळ शेपटीसारखी शुंडिका. आणि मधोमध पुंकेसर नि स्त्रीकेसर एकजीव होऊन बनलेला स्तंभ. ओठाला तीन फाटे आहेत की तो अखंड आहे, बाजूचे फाटे झालरीसारखे चिरलेले आहेत की साधे, शुंडिका बीजांडकोशापेक्षा लांब आहे की आखूड, तिचं टोक फुगीर आहे की निमुळतं, परागपिंडांचे देठ केवढे आहेत, यावर जात ठरते. नमुना दाबून वाळवला की रंग उडतो आणि ओठाचा सगळा उंचसखलपणा चपटा होतो. म्हणून एखाददुसरं फूल अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायचं आणि रंग, वास, उंची जागच्या जागी चिठ्ठीवर लिहायची. जुना नमुना तपासायचा तर कागदावरचं सुकं फूल गरम पाण्यात मऊ करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक दल सुटं करायचं, मोजायचं, त्याचं चित्र काढायचं आणि सगळे तुकडे छोट्या पाकिटात भरून त्याच कागदावर परत लावायचे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर दोनच फुलं उरलेली असतील तर हात थरथरून चालत नाही.

नियमही याच बाजूने आहेत. वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या जातीचं नाव ग्राह्य धरलं जायला तिचं वर्णन किंवा इतर जातींपासूनचं वेगळेपण लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत छापून यावं लागतं. इंग्रजीची मुभा २०१२ पासूनची. शिवाय त्या नावाचा आधार असलेला एक नमुना, म्हणजे होलोटाइप, कोणत्या वनस्पतिसंग्रहात ठेवला आहे हे सांगावं लागतं. नाव कायमचं बांधलेलं असतं ते त्या नमुन्याशी. वर्णनात चूक राहिली तरी नमुना खरं काय ते सांगतो. आता आपल्या डोंगरांचं पाहा. डाल्झेल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची वर्णनं प्रसिद्ध करत होता; गिब्सनबरोबर त्याने लिहिलेली ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ ची. आमरींचा त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार लिंडली इंग्लंडमध्ये बसून भारतातून आलेल्या नमुन्यांना नावं देत होता आणि त्याचा आमरीसंग्रह आज लंडनजवळ क्यू इथे आहे. पुढे कुक, ब्लॅटर आणि मॅकॅन, आणि १९६६ मध्ये मुंबईच्या आमरींवर ग्रंथ लिहिणारे सांतापाव आणि कापडिया अशी ही साखळी आहे. सह्याद्रीतली एखादी आमरी नवी आहे असं म्हणायचं तर या सगळ्यांनी पाहिलेल्या कागदांपुढे तिला उभं करावं लागतं. डाल्झेलने १८५१ मध्ये मायक्रोपेरा या प्रजातीत घालून दोन जातींचं वर्णन केलं होतं. १९७४ मध्ये फादर सेसिल सल्डान्हा यांनी स्मिथसोनिया ही नवी प्रजाती मांडली, तिच्यात स्मिथसोनिया स्ट्रॅमिनिया ही नवी जात आणली आणि डाल्झेलच्या त्या दोघींनाही तिथेच बसवलं. नवीचं नवेपण कळायला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दोघींची ओळख आधी पटवावी लागली.

कपाटं हाताशी नसली की काय होतं, याचाही दाखला आमरींच्याच इतिहासात आहे. लिंडलीनंतर या विषयावर ज्याचा शब्द अखेरचा मानला जाई, तो हाम्बुर्गचा राइशेनबाख १८८९ मध्ये वारला. त्याने आपला प्रचंड संग्रह व्हिएन्नाच्या संग्रहालयाला दिला, पण अट अशी, की पंचवीस वर्षं तो कोणालाही उघडून दाखवायचा नाही. तोवर क्यूमध्ये आणि बर्लिनमध्ये नव्या जातींची वर्णनं सुरूच होती; राइशेनबाखने नाव दिलेल्या जातींना पुन्हा नावं पडली आणि तो गुंता सोडवण्यात पुढच्या पिढ्यांचा वेळ गेला. दुसरा घाव १९४३ चा. बर्लिनच्या वनस्पतिसंग्रहावर बॉम्ब पडले आणि न्यू गिनीतल्या हजाराहून अधिक आमरींचं वर्णन करणाऱ्या श्लेख्टरचा संग्रह जळून गेला. आज न्यू गिनीत एखादी आमरी मिळाली तर ती त्याच्या अमुक जातीची आहे की नाही, हे ठरवायला दुसऱ्या संग्रहांत पोहोचलेले जोडनमुने नाहीतर नुसती चित्रं हुडकावी लागतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: कपाटंही फसवतात. कॅटासीटम, मोनाकँथस आणि मायँथस या दक्षिण अमेरिकेतल्या आमरींच्या तीन निरनिराळ्या प्रजाती मानल्या जात होत्या. शोंबुर्कने ब्रिटिश गियानात एकाच झाडावर तिन्हींची फुलं पाहिली तेव्हा लिंडलीसकट सगळे चक्रावले. १८६२ मध्ये डार्विनने निष्कर्ष काढला, की ही एकाच जातीची नर, मादी आणि द्विलिंगी फुलं आहेत. सुकलेल्या तुकड्यांवरून हे कळणं कठीण होतं, हे मान्य. पण या उदाहरणातून निघतं ते एवढंच, की एकट्यादुकट्या नमुन्यावर विसंबू नये. एका ठिकाणची दहा झाडं, फुलं आणि फळं दोन्ही, दोन-तीन हंगामांतली, शेजारच्या डोंगरावरची सुद्धा, असे नमुने जमले तरच फरक जातीचा की झाडापुरता हे समजतं. म्हणजे उपाय पुन्हा संग्रहाकडेच नेतो. नमुने जास्त हवेत आणि जपून ठेवलेले हवेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नव्याने नाव मिळालेल्या सपुष्प वनस्पतींपैकी जेमतेम १६ टक्क्यांचं वर्णन नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांत झालं होतं. जवळजवळ पाव जातींच्या वर्णनात पन्नास वर्षांहून जुने नमुने होते. ज्या जातींना अजून नाव मिळायचं आहे त्यांतल्या निम्म्याहून अधिक आधीच कुठल्या ना कुठल्या कपाटात येऊन पडल्या असाव्यात, असा त्या अभ्यासकांचा अंदाज होता.

दुसरा आक्षेप तरुण सहकाऱ्यांकडून येतो: डीएनए काढता येत असताना ही सुई आणि हे भिंग कशाला? डीएनएचा उपयोग मोठा आहे. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन झाडांची वंशावळ किती दूरची आहे ते तो सांगतो. पण किती दूर गेल्यावर जात वेगळी म्हणायची, ही रेघ तो आखून देत नाही. युरोपातल्या ओफ्रिस या आमरींकडे पाहा. डीएनएवर भर देणारे काही अभ्यासक त्यांच्या नऊच जाती मानतात, तर फुलांतले बारीक फरक धरून चालणारे अडीचशेच्या वर जातात. झाडं तीच असून हा हिशेब असा फाटतो, कारण जात हा पुराव्यावर उभा केलेला तर्क आहे आणि पुरावा वाढला की तो बदलू शकतो. शिवाय डीएनएचा क्रम मिळाला तरी नाव कोणतं लावायचं हे होलोटाइपशी पडताळूनच ठरतं. वर तो क्रम ज्या झाडातून काढला त्याचा वाळवलेला नमुना ठेवलेला नसेल, तर तो कोणाचा हे पुन्हा तपासायची सोयच उरत नाही.

तिसरा प्रश्न अधिक मुळाशी जातो: ज्यांच्या रानात ती फुलते त्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत असताना शोध कसला लावता? प्रश्न रास्त आहे आणि इतिहास त्याला दुजोरा देतो. मलबारातल्या वनस्पतींवरचा रीडेचा ग्रंथ ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला, तो इट्टी अच्युतन हा वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे कोकणी भाषक यांच्या माहितीवर. त्यातल्या अनेक चित्रांवर कोकणी नावं नागरीत कोरलेली आहेत. बाराव्या खंडातल्या एका आमरीच्या आधारे लिनियसने १७५३ मध्ये एपिडेंड्रम रेटुसम हे नाव दिलं. तीच आपली सीतेची वेणी, आजची ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. तेव्हा लिनियसने ती शोधली असं म्हणणं खोटंच ठरेल. पण मलबारातली, कोकणातली आणि आसामातली बिहूला केसांत माळली जाणारी ही वनस्पती एकच, हे कुठल्याही एका गावाच्या ज्ञानातून कळत नाही. त्यासाठी तिन्हीकडचे नमुने एका टेबलावर यावे लागतात. वर्गीकरणाचा हक्क एवढ्या तुलनेपुरताच आहे. त्यापलीकडचं श्रेय वाट दाखवणाऱ्याचं, आणि ते निबंधात नावानिशी दिलं गेलं पाहिजे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत बोचतो: नाव दिल्यानेच आमरी मरते. २००२ मध्ये पेरूमध्ये रस्त्याकडेला विकत घेतलेली एक भलीमोठी गुलाबी-जांभळी आमरी अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका वनस्पतिउद्यानात पोहोचली. तिचं वर्णन घाईघाईने छापलं गेलं, कारण तिलाच दुसरं नाव देणारा लेखही छपाईच्या वाटेवर होता. अवघ्या काही दिवसांच्या फरकाने फ्रॅग्मिपेडियम कोवाची हे नाव टिकलं. वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार मोडल्याबद्दल पुढे न्यायालयात शिक्षा झाल्या, पण तोवर संग्राहकांनी पेरूतली तिची मूळ ठिकाणं ओरबाडली होती. व्हिएतनामातल्या पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्सेचं वर्णन १९९९ मध्ये झालं आणि थोड्याच वर्षांत ती रानातून जवळपास संपली. हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही निनावी ठेवणं हा उपाय नव्हे. तो व्यापार करार सगळ्या आमरी कुळाला लागू आहे हे खरं, पण धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत निनावी जातीची नोंद सहसा होत नाही आणि एखाद्या सड्यावरची खाण थांबवायला न्यायालयात काहीतरी नाव घेऊन उभं राहावं लागतं. नाव छापावं आणि नेमका पत्ता झाकून ठेवावा, हा मार्ग मला पटतो. निबंधात तालुक्यापर्यंत माहिती पुरे. बाकीची नोंद नमुन्याच्या कागदावर, तपासायला येणाऱ्या अभ्यासकापुरती. झाडं मोजकीच असतील तर गाठ जमिनीत राहू द्यावी, वरचा फुलोरा तेवढा घ्यावा, तोही वनखात्याच्या परवानगीने. म्हणजे भरवशाचा संग्रह लागतो तो इथेही.

महाराष्ट्रात असे संग्रह आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर संग्रह १९०६ चा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आणि आघारकर संशोधन संस्था. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. पण दमट हवा, बुरशी आणि कागद पोखरणारे किडे यांच्याशी रोज झगडणारी पदं म्हणजे खर्चकपातीत सर्वांत आधी गळणारी पदं, आणि नव्या जातीच्या बातमीत त्या माणसांचा फोटो कधी येत नाही. म्हणून वाचकांना दोन विनंत्या. पुढच्या पावसाळ्यात ‘नवी आमरी सापडली’ असं वाचाल तेव्हा विचारा, की होलोटाइप कुठे ठेवला आहे आणि तुलना कोणत्या जुन्या नमुन्यांशी केली. आणि तुमच्या गावच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभाग बंद होत असेल, तर तिथली वाळक्या पानांची कपाटं भंगारात जाण्यापूर्वी वरच्यापैकी एखाद्या संस्थेला कळवा. त्यांतल्या एखाद्या कागदावर अजून नाव न मिळालेली जात असू शकते.