जोश ॲलनचा हात आणि पाय

क्वार्टरबॅकचा, म्हणजे संघाचे पास फेकणाऱ्या खेळाडूचा, हात सगळ्यांना दिसतो, पायांकडे लक्ष देणारे थोडे. वायोमिंग विद्यापीठाच्या जोश ॲलनवरून २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या जाणकारांत जो वाद माजला, तो बराचसा यातूनच आला होता.

ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला बोलावले नाही. रीडली कॉलेजात एक वर्ष खेळून त्याने ठिकठिकाणच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवले, तेव्हा कुठे वायोमिंगमध्ये जागा मिळाली. तिथेही २०१५ चा मोसम कॉलरबोन मोडल्याने सुरुवातीलाच संपला. २०१६ मध्ये मात्र त्याच्या २८ पासवर टचडाउन झाले. साडेसहा फुटांना जेमतेम एक इंच कमी उंची, धावतानाही लांबवर चेंडू फेकणारा हात, आणि अंगावर आलेल्या बचावपटूला झटकून टाकण्याची ताकद. असा खेळाडू प्रशिक्षकांना भुरळ घालतो, आणि थोडा आंधळाही करतो.

कारण त्याच मोसमात त्याचे १५ पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले, आणि सहकाऱ्यांच्या हाती पडले ते शंभरातले ५६. व्यावसायिक संघाला हा आकडा परवडत नाही. दोष हातात नव्हताच. ज्याचा हात दणकट, त्याला मागच्या पायावर भार ठेवूनही चेंडू पोचवता येतो. मग पुढचा पाय निशाणाच्या रोखाने टाकायची सवय लागत नाही, कंबर मागे राहते आणि चेंडू उंच जातो. टप्पा न सापडलेल्या वेगवान गोलंदाजासारखी ही गत. जवळचा पासही तो लांबच्याच जोराने फेकी. पास झेलणारा पहिला खेळाडू, म्हणजे रिसीव्हर, अडला की दुसऱ्या-तिसऱ्याकडे नजर वळवण्याऐवजी स्वतःच पळू लागे. पुष्कळदा ते साधेही, म्हणून खोड टिकली.

२०१७ मध्ये सहकाऱ्यांपर्यंत पोचलेल्या पासांची टक्केवारी जागची हलली नाही, पण तो सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. चेंडू घेऊन धावणारा ब्रायन हिल आणि क्वार्टरबॅकला चेंडू देणारा सेंटर चेस रुलिए व्यावसायिक लीगमध्ये गेले होते, चांगले रिसीव्हरही उरले नव्हते.

२०१८ मध्ये व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत बफेलो बिल्स संघाने त्याला सातव्या क्रमांकावर निवडले. पहिल्या वर्षी पूर्ण पासांचे प्रमाण ५२.८ टक्के, तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, ६९.२. निशाणा शिकवून येत नाही, या जुन्या समजुतीला याहून मोठा धक्का क्वचितच बसला असेल. क्वार्टरबॅकना शिकवणारे प्रशिक्षक जॉर्डन पामर यांच्याकडे त्याने फेकण्याची ढब घडवून घेतली. अर्थात २०२० मध्येच स्टीफन डिग्जसारखा अव्वल रिसीव्हर संघात आला होता. अपयशात साथीदारांचा वाटा धरायचा, तर यशातही धरायला हवा.

निर्णयातला उतावळेपणा मात्र पायांइतका लवकर सुधारला नाही. २०२३ मध्येही त्याचे १८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. पुढच्या मोसमात ते सहावर आले, आणि त्याच मोसमात लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.