खिळ्यावरची किल्ली

आमच्या चौकात पिठाच्या गिरणीला लागून एक छोटंसं दुकान आहे. दुकान म्हणायचं, पण विकायला आत काहीच नाही. एक टेबल, तीन खुर्च्या, गणपतीचं कॅलेंडर आणि मागच्या भिंतीवर ओळीनं मारलेले खिळे. प्रत्येक खिळ्याला एक किल्ली आणि किल्लीला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर घराचा पत्ता नि मालकाचा फोन. बाहेर पाटी : 'जागा घेणे, विकणे, भाड्याने देणे'.

हे आमचे एजंट काका. सासूबाई मात्र त्यांना 'ते दलाल' असंच म्हणतात. "दलालाच्या तोंडी लागलं की दोन खोल्यांच्या चार होतात नि खिशातले चाराचे दोन," हा त्यांचा ठरलेला शेरा. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही आहे. काकांच्या तोंडी प्रत्येक घर स्टँडपासून 'पाच मिनिटांवर' असतं. फोन कानाचा सुटत नाही. बोलायला लागले की दूध उतू जाईपर्यंत थांबत नाहीत. दलालीही रोख ठोक घेतात. फुकट काम करणारा हा माणूस नव्हे.

तरीही या माणसाविषयी लिहावंसं वाटतं, त्याला कारण आहे.

आम्ही सांगलीचे. सांगलीत घर पाहायचं म्हणजे आधी कृष्णामाईला विचारावं लागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागात भाड्यानं राहत होतो, तळमजल्यावर. पाणी वाढतंय म्हणून लोक सांगत होते, पण सगळ्यांची भिस्त 2005 च्या पुरावर. "त्या वर्षी पाणी आपल्या पायरीशी थांबलं होतं," असं घरमालक छातीठोकपणे सांगत होते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. आमच्या पायरीला कुणी विचारलंच नाही.

एका पिशवीत कागदपत्रं, एका पिशवीत धाकटीचं औषध नि कपडे, आणि सासूबाईंच्या हातात देव. एवढ्यानिशी आम्ही बाहेर पडलो. जायचं कुठं? यांना एकदम आठवलं, की त्याच उन्हाळ्यात विश्रामबागेत जागा पाहायला गेलो होतो, तेव्हाच्या त्या एजंटचा नंबर फोनमध्ये आहे. ओळख ती केवढी! पण यांनी फोन लावला. काका म्हणाले, "या तुम्ही. किल्ल्या आहेत माझ्याकडं."

विश्रामबागेकडची उंचावरची कितीतरी घरं बंद असतात. मुलं पुण्या-मुंबईला, कुणी परदेशात. त्या घरांच्या किल्ल्या काकांच्या खिळ्यांवर. त्या दिवशी सकाळपासून ते एकेका मालकाला फोन लावून विचारत होते, "पुराची माणसं आहेत, घर उघडू का?" आमच्या वाट्याला आलेल्या घराची मालकीण पुण्याची. काकांनी फोन माझ्या हाती दिला. त्या बाई एवढंच म्हणाल्या, "माळ्यावर गाद्या आहेत, काढून घ्या. गॅस आहे का बघा, नसला तर शेजारी सांगते." आमचं आडनावही त्यांनी विचारलं नाही. दोन खोल्यांत आम्ही तीन बिऱ्हाडं होतो. बारा दिवस राहिलो. कुणी कुणाच्या भांड्यात काय शिजतंय ते पाहिलं नाही. त्या बारा दिवसांची दलाली काकांनी कुणाकडून घेतली नाही. विषयच निघाला नाही.

पाणी ओसरलं, चिखल निघाला, आणि महिनाभरात काकांच्या वहीत मालकांच्या अटी परत आल्या. ही वही मी पुढे पाहिली. 'फक्त शाकाहारी.' 'आडनाव आधी कळवणे.' 'मुलगे नकोत, मुली नकोत.' 'फक्त कुटुंब.' काका म्हणाले, "वैनी, त्या पंधरा दिवसांत एकानं अट सांगितली नव्हती बघा. हेच मालक, ह्याच किल्ल्या."

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा मात्र आम्ही ठरवलं, आता स्वतःचं घर घ्यायचं. मी एक घर पसंत केलं होतं. स्वस्त, प्रशस्त, पुढे तुळशीला अंगण. काका दारातच थांबले. म्हणाले, "रंग बघितला का? खालचा चार फूटच नवा आहे." मी पाहिलं. वरचा जुना, खालचा ताजा! पाण्याची खूण झाकायला लावलेला. ते घर आम्ही घेतलं असतं, तर काकांना शेकडा दोन टक्के मिळाले असते. पण ते म्हणाले, "मला उद्या ह्याच चौकातनं जायचंय."

पुढच्या वर्षी विश्रामबागेच्या अलीकडे छोटं घर मिळालं, खाली तीन खोल्या नि वर एक. सातबाऱ्यापासून सगळे कागद काकांनी वकिलाकडून तपासून घ्यायला लावले. खरेदीखताच्या वेळी म्हणाले, "घर वैनींच्या एकटीच्या नावावर करा. 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे." हे लगेच तयार झाले. सवलतीसाठी का होईना, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बी.ए.च्या पदवीनंतर पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव कुणीतरी मोठ्यानं वाचलं. मला मोठी गंमत वाटली. अर्ध्या पगाराच्या शिक्षिकेला घरमालकीण म्हणतात, म्हणजे काय!

काकांचे बाकीचे उद्योग मला शेजारी राहायला आल्यावर कळले. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींना खोली दाखवण्याआधी ते स्वतः जाऊन पाहतात. दाराला आतून कडी लागते का, न्हाणीघराच्या खिडकीला काच आहे का, जिन्यात दिवा आहे का. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी आठवड्यातून एकदा डोकावतात. 2023 साली महारेरानं एजंट मंडळींना प्रशिक्षण नि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा हे साठीचे गृहस्थ वही घेऊन आमच्याकडे आले. "बाई, जरा शिकवा. कॉम्प्युटरवर पेपर आहे म्हणे!" माझ्या थोरलीनं त्यांना माऊस धरायला शिकवला. पास झाले तेव्हा चौकात पेढे वाटले.

आता माझी गोष्ट.

वरची खोली भाड्यानं द्यायची ठरली. किल्ली काकांकडे दिली. 'कुटुंब हवं' एवढंच सांगितलं. दोन-तीन जण येऊन गेले, जमलं नाही. मग एके दिवशी काका म्हणाले, "एक बाई आहेत. दवाखान्यात नोकरी. मुलगी दुसरीत. नवऱ्यापासून वेगळ्या राहतात."

मी चटकन म्हटलं, "काका, तुम्हाला माहीतच आहे, कुटुंब हवं."

"बाई आणि मुलगी म्हणजे कुटुंब नाही का?"

"तसं नाही हो. पण यांना चालायचं नाही. सासूबाई आहेत. रात्रपाळी असणार, उद्या कुणी काही म्हणालं तर..."

काका गप्प बसले. असे ते कधी बसत नाहीत. मग खिशातून आमची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडंच ठेवा वैनी. माझ्या खिळ्यावर दिसली की लोक विचारतात. त्या बाईंनी काल विचारलं. मी सांगितलं, ती खोली गेली. सहावं घर होतं त्यांचं. माझ्याच्यानं रोज खोटं होत नाही." आणि जाता जाता म्हणाले, "मालकीण तुम्ही आहात. सही माझ्यासमोर झाली."

रात्री झोप लागेना. यांना चालायचं नाही, असं मी म्हणाले. पण यांना मी विचारलं होतं कुठं? उठवून विचारलं. हे झोपेतच म्हणाले, "मी कधी नको म्हटलं? तू बघ, घर तुझं आहे." म्हणजे नवऱ्याच्या नि सासूच्या पदराआड उभी राहून नाही म्हणणारी मीच होते! शाळेत मुलींना सावित्रीबाईंचा धडा शिकवते मी. आणि पुण्याच्या त्या बाई आठवत राहिल्या. त्यांनी विचारलं असतं, 'तुमच्याबरोबर कोण कोण आहे, माणसं कशी आहेत?' तर त्या पावसात मी काय उत्तर दिलं असतं?

सकाळी मी स्वतः किल्ली घेऊन दुकानात गेले.

त्या बाई आल्याला आता वर्ष होईल. रीतसर भाडेकरार केला. आपल्याकडे तो नोंदवणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि जबाबदारी घरमालकाची, हेही मला तेव्हाच कळलं. मैत्रिणींनो, शेजारणीचा शब्द पुरे म्हणून हे टाळू नका. अडचण आली तर कागदच दोघींच्या उपयोगी पडतो. पोलीस ठाण्यातही भाडेकरूची माहिती दिली. सासूबाईंनी एकच अट घातली, "लाईटचं मीटर वेगळं." शेजारच्या एकीनं दोन-चारदा खोचक विचारलं. मी सांगितलं, "रात्रपाळी असते, तेव्हा मुलगी आमच्यात झोपते." मग तीही विचारायची थांबली. सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही. पाण्याच्या टाकीवरून आमचं एकदा चांगलंच वाजलं. पण टाकीवरून तर माझं नि जावेचंही वाजत असे.

दलाली मात्र काकांनी माझ्याकडून पूर्ण महिन्याची घेतली, त्या बाईंकडून निम्मी. मी म्हटलं, "काका, हा कुठला न्याय?"

"तुम्ही मालकीण," म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून तो उचलून कुणाला तरी सांगू लागले, "हो, हो, स्टँडपासून पाचच मिनिटं!"

त्यांच्या मागच्या भिंतीवर अजून पुष्कळ किल्ल्या लटकताहेत. त्यांतल्या कितीतरी घरांची मालकीण तुमच्या-माझ्यासारखीच एखादी असेल. आपल्या नावानं नवऱ्याची, सासूची, शेजाऱ्यांची अट तर त्या पुठ्ठ्यावर लिहिलेली नाही ना, एवढं एकदा जाऊन पाहावं.