राखेतलं जस्त

सेमिनारला सरांनी विचारलं, "कचरा जाळला, मग त्यातलं जस्त गेलं कुठे?" मी गप्प! आम्ही होस्टेलमागे कचरा पेटवायचो, जुन्या सेलसकट. राख झाली की विषय संपला.

मग वाचायला बसलो. भट्टीत जस्त, शिसं, कॅडमियम यांचा बराच भाग वाफ होऊन धुराच्या फिल्टरमधल्या राखेत जमतो. स्वित्झर्लंडमध्ये त्सुखविलला ही राख धूर धुतलेल्या आम्लयुक्त पाण्यानेच धुतात. धातू पाण्यात उतरतात, राखेचं विष कमी होतं. जस्ताची भुकटी घालून शिसं-कॅडमियम काढतात. शेवटी विजेने शुद्ध जस्त. २०१२ साली तिथे हे सुरू झालं.

आमची राखही धुतली गेली, पण पावसाने. पाणी ओढ्यात गेलं.

माझे सेल आता ड्रॉवरमध्ये साठताहेत. रेक्टर सर, एक डबा ठेवूया का?